वाफेच्या बचतीवर कर्ज काढू नका, पाइप मात्र आताच टाकून घ्या

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मालवण तालुक्यात आमचा पेट्रोल पंप आहे. जागा आमची, टाक्या आणि मशिन कंपनीच्या. महिन्याला पेट्रोल सुमारे ९० किलोलिटर जाते, त्यात निम्म्याहून जास्त दुचाक्या. पेट्रोलची एक आणि डिझेलची एक अशा २० किलोलिटरच्या दोन टाक्या आहेत. येत्या हंगामात कंपनी दोन जुनी मशिन बदलणार आहे आणि पुढचे काँक्रीटही नव्याने करायचे आहे. पंपाच्या पूर्वेला साठेक मीटरवर शाळा आहे. टँकर खाली होताना वास येतो अशी तक्रार तिथून दोनदा आली. एका विक्रेत्याने वाफ परत घेणारी यंत्रणा, म्हणजे व्हीआरएस, बसवण्याचे ७ लाख ४० हजारांचे कोटेशन दिले आहे. विक्रीच्या अर्धा टक्का पेट्रोल परत मिळेल आणि सोळा महिन्यांत पैसे वसूल होतील, असे तो सांगतो. बँक कर्ज द्यायला तयार आहे. घ्यावे का?
एक पंपचालक

उत्तर

नमस्कार. कर्ज घेऊ नका. निदान या कोटेशनवर आणि या हिशेबावर तरी नको. यंत्रणा मात्र चांगली आहे, ती तुमच्या पंपावर यायला हवी, आणि तिच्यातले जे काम काँक्रीटखाली जाणार आहे ते याच हंगामात करून घ्या. ते हुकले तर पुढची दहा वर्षे हात चोळत बसावे लागेल.

आधी सोळा महिन्यांचा हिशेब तपासू. ९० किलोलिटरचा अर्धा टक्का म्हणजे ४५० लिटर. लिटर १०५ रुपयांनी धरला तर महिन्याला ४७,२५० रुपये, आणि त्यावरून सोळा महिने. गणित बरोबर आहे, चुकीचा आहे तो अर्धा टक्का.

टाकीतून एक लिटर पेट्रोल गाडीत गेले की टाकीत एक लिटर पोकळी होते आणि व्हेंट पाइपमधून, म्हणजे टाकीच्या श्वासाच्या नळीतून, बाहेरची कोरडी हवा आत येते. कोरडी म्हणजे पेट्रोलच्या वाफेविना. ती हवा तुमचेच पेट्रोल पिऊन तृप्त होते. पुढचा टँकर आला की तीच वाफेने भरलेली हवा व्हेंटमधून बाहेर ढकलली जाते. तुमचे नुकसान होते ते इथे. गाडीच्या टाकीतून नोझलपाशी निघणारी वाफ गिऱ्हाइकाच्या आधीच्या पेट्रोलची असते, तुमच्या साठ्यातली नसते. नोझलने ती ओढून तुमच्या टाकीत आणली की बाहेरची हवा आत यायला जागा उरत नाही, म्हणून तुमचे पेट्रोल उडायचे थांबते. बचत होते ती अशी, आणि तिला वरची मर्यादा आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे जुने, सर्वत्र वापरले जाणारे आकडे घ्या. टाकीच्या तळापर्यंत गेलेल्या पाइपमधून टँकर खाली केला तर दर लिटरमागे सुमारे ०.८८ ग्रॅम वाफ बाहेर जाते. टाकीच्या दिवसरात्रीच्या श्वासोच्छ्वासात आणखी ०.१२ ग्रॅम. म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम. ९० किलोलिटरला ९० किलो, म्हणजे १२० ते १४० लिटर. ही सगळी वाफ वाचली, एक थेंबही गेला नाही असे धरले तरी महिन्याला पंधरा हजारांच्या आत. आणि सगळी वाचणार नाहीच, कारण तुमच्याकडे निम्म्याहून जास्त दुचाक्या येतात.

मोटारीच्या गळ्यात नोझल खोलवर जाते आणि गळा अरुंद असतो, त्यामुळे वाफ नोझलच्या छिद्रांजवळच राहते. दुचाकीचे तोंड रुंद, आत पत्र्याची पट्टी, आणि पेट्रोल अंगावर उडू नये म्हणून पोरे नोझल वर धरतात. वाफ बाजूने निसटते आणि पंप ओढतो ती मोकळी हवा. ती टाकीत गेली की पुन्हा तुमचेच पेट्रोल पिऊन फुगते. म्हणून निम्मी बचत धरा: ६० ते ७० लिटर, साडेसहा ते सात हजार रुपये.

आता दुसरी बाजू. कोटेशन ७ लाख ४० हजारांचे, पण खाली बारीक अक्षरात जीएसटी वेगळा लिहिलेला असेल. १८ टक्के धरून रक्कम ८ लाख ७३ हजार होते. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यामुळे या जीएसटीचे क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. १ लाख ३३ हजार सरळ खिशातून. विक्रेते बाकीच्या धंद्यांना "जीएसटी परत मिळतोच" असे सांगून मोकळे होतात. पंपवाल्याला ते लागू नाही. पाव हिस्सा स्वतःचा घालून साडेसहा लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता १६,६४० रुपये येतो. म्हणजे कागदावरची कमाल बचतसुद्धा हप्ता भागवत नाही. खऱ्या बचतीने मुद्दलच फिटायला दहा वर्षांहून जास्त लागतील, व्याज आणि देखभाल वेगळी.

"दोन महिने लावून दाखवतो, फरक तुम्हीच पाहा" असे विक्रेता म्हणाला, तर तापमान विचारा. पेट्रोल एका अंशाला सुमारे ०.१२ टक्के आकसते किंवा पसरते. बारा हजार लिटरचा टँकर ३२ अंशांवर आला आणि तुमच्या टाकीत २९ अंशांवर निवला, तर ४३ लिटर कुठेही न जाता "कमी" होतात. एका टँकरवरचा हा फरक, आणि व्हीआरएसची महिन्याची खरी बचत ६०-७० लिटर. मे महिन्याचा तोटा आणि ऑगस्टचा तोटा शेजारी ठेवले की कुठलीही यंत्रणा जादूची वाटेल. तुलना करायचीच असेल तर दर टँकरची घनता आणि तापमान नोंदवून, सगळे १५ अंशांवर आणून, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. बचतीत वाटा घेणारे करार काही जण पुढे करतात. त्यात ही अट लिहिलेली नसेल तर सही करू नका.

मग पैसे कोणी घालायचे? टाक्या आणि मशिन कंपनीच्या आहेत, म्हणजे पहिला प्रश्न कंपनीला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ७ जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांपासून व्हीआरएसची सक्ती शहराची लोकसंख्या आणि पेट्रोलची महिन्याची विक्री पाहून ठरते. तिचा रोख मोठ्या शहरांतल्या मोठ्या विक्रीच्या पंपांवर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहरच ७६ हजारांच्या घरात होते, मालवण तर त्याहून कितीतरी लहान. तेव्हा "आता सक्ती झाली, दंड बसेल" अशी भीती कोणी घातली, तर आदेशाची प्रत मागा. त्याच सूचनांत नव्या पंपासाठी शाळेपासून ५० मीटर अंतराचा नियम आहे. तुमचा पंप जुना आणि शाळा साठ मीटरवर, त्यामुळे हा नियम तुमच्या अंगावर येत नाही. शाळेची तक्रार मात्र खरी आहे. तिच्याकडे पुढे येतो.

सेल्स ऑफिसरला फोन करून भागणार नाही, लेखी पत्र द्या. त्यात तीन गोष्टी मागा. नवी मशिन व्हीआरएससाठी तयार, म्हणजे आत वाफपंप बसवायची जागा आणि तारा असलेली, मिळावीत. काँक्रीटच्या कामात वाफेचा पाइप कंपनीच्या नकाशात धरावा. आणि तुमच्याकडे येणाऱ्या टँकरना वाफ परत नेणारी जोडणी आहे का, हे कळवावे. मशिनची ऑर्डर निघण्याआधी हे पत्र पोचले तर फरक किरकोळ असतो. मशिन येऊन उभी राहिल्यावर तेच काम बाहेरून जोडायचे तर मोडतोड आणि खर्च दोन्ही वाढतात. शिवाय विक्रेत्याकडून परस्पर मशिन उघडून घेणे तुम्हाला परवडणारे नाही. मशिन कंपनीचे, त्याची ज्वालारोधक मान्यता पेसोची (केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची), आणि मीटरचे सील वैधमापनशास्त्र खात्याचे. सील हलले तर पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन होईपर्यंत ते नोझल बंद. सील न हलवता फक्त नोझल आणि होज बदलला तरी पाच लिटरच्या मापाने तपासून नोंद करा. पाच लिटरला २५ मिलीच्या आत यायला हवे.

परवान्यातल्या नकाशात बदल होत असेल तर कामाआधी पेसोची मंजुरी लागते. कोकणासाठी हे काम बेलापूरच्या कार्यालयातून होते. कागद कंपनीमार्फतच जाऊ द्या.

आता खणायच्या कामाकडे, कारण चूक झाली तर ती इथेच होईल.

प्रत्येक मशिनपासून पेट्रोलच्या टाकीपर्यंत वाफेची स्वतंत्र वाहिनी जायला हवी, किंवा सगळ्या मशिनची मिळून एक. पाइप पेट्रोलसाठी मान्यताप्राप्त प्लास्टिकचा, विजेने वितळवून जोडायचा, ६३ मिमीचा. साधा पाण्याचा एचडीपीई चालत नाही, पेट्रोलची वाफ त्यातून झिरपते. सगळ्यात महत्त्वाचा उतार. टाकीकडे शंभराला किमान एक. लांबचे मशिन टाकीपासून २२ मीटरवर असेल तर २२ सेंटिमीटर उतार, आणि मध्ये कुठेही पोट नको. वाफ रात्री निवते आणि पाइपात पेट्रोल होऊन साठते. पोटात साठलेले दोन-तीन लिटर पेट्रोल म्हणजे पाइपाला लागलेले बूच: मशिन चालू, वाफपंप गुरगुरतोय, आणि येत काहीच नाही. वरून दिसत नाही, काँक्रीट फोडल्याशिवाय दुरुस्तही होत नाही.

जांभ्यात चर सरळ निघत नाही. ब्रेकरने खणलेला तळ दातेरी राहतो, म्हणून खाली १५ सेंटिमीटर वाळू घालून लेव्हलने उतार बांधा, नुसता दोरीने नको. जांभा पाणी पितो आणि पावसात ते चराच्याच वाटेने वाहते. रिकामा पाइप त्यात तरंगतो आणि उतार बिघडतो, म्हणून दर दोन मीटरवर पट्ट्याने पाइप खाली बांधून मगच भरणी करा. कंत्राटदार याला कुरकुरतो. ऐकू नका.

पाइपाबरोबर प्रत्येक मशिनपर्यंत ४० मिमीचा एक रिकामा कंड्युट टाका, उद्या वाफपंपाची आणि देखरेखीच्या यंत्रणेची तार त्यातून जाईल. टाकीच्या मॅनहोलच्या झाकणावर वापरात नसलेला दोन इंची सॉकेट आहे का पाहा. नसेल तर नवीन झाकण कंपनीच्या माणसांकडून, टाकी वायुमुक्त केल्यावरच. जुन्या झाकणावर वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला पंपाच्या आवारातही येऊ देऊ नका. भरणीआधी आणि काँक्रीट झाल्यावर असे दोनदा नायट्रोजनने दाब धरून पाहा. कॉम्प्रेसरची हवा नको, जुन्या पंपावर पेट्रोलची वाफ असलेल्या पाइपात ऑक्सिजन भरायचा नसतो. दोन्ही टोके झाकणे घट्ट बसवून बंद. मोजपट्टी लावून काढलेले फोटो आणि मोजमापांचा नकाशा हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

एक गोष्ट ठासून सांगतो. पेट्रोल आणि डिझेलच्या टाक्यांचे व्हेंट पाइप शेजारी उभे असतात, म्हणून कोणी "एकाच डोक्यात जोडू" म्हणेल. कदापि नाही. डिझेलच्या टाकीत पेट्रोलची वाफ शिरली की एरवी शांत असलेली ती टाकी पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरते. वाफ परत घेणे हे फक्त पेट्रोलचे काम आहे, डिझेलची वाफ नगण्य असते.

हे झाले तरी लगेच नोझल बदलायची घाई नको. आधी टाकीवरच्या स्वस्त गोष्टी. टँकर ज्या पाइपातून खाली होतो तो आत कुठवर गेला आहे? त्याचे खालचे तोंड तळापासून १५ सेंटिमीटरच्या आत हवे, म्हणजे ते नेहमी पेट्रोलात बुडलेले राहते. खाऱ्या हवेच्या आणि ओलाव्याच्या भागात हे पाइप वरच्या बाजूला सडतात, भोके पडतात, तर कधी कोणीतरी दुरुस्तीत कापून ठेवलेला असतो. मग पेट्रोल वरून धबधब्यासारखे पडते आणि लिटरमागे ०.८८ ऐवजी १.३८ ग्रॅम वाफ निघते. तुमच्या विक्रीवर हा फरक ४५ किलोचा, म्हणजे महिन्याला साठेक लिटर. दुचाक्यांमुळे निम्मी झालेली सगळी व्हीआरएसची बचत जेवढी, जवळपास तेवढीच बचत एक पाइप बदलून होऊ शकते. पाइप ठीक असेल तर उत्तमच, पण पाहिल्याशिवाय राहू नका.

दुसरी गोष्ट व्हेंटवरचा पीव्ही व्हॉल्व्ह. व्हेंट जमिनीपासून किमान चार मीटर उंच आणि तोंडाला जाळी, हे तुमच्याकडे असेलच. पण तोंड उघडे असेल तर नोझलने आणलेली वाफ सरळ आकाशात जाते आणि वर केलेला खर्च पाण्यात. पीव्ही व्हॉल्व्ह टाकी बंद ठेवतो. साधारण तीन इंच पाण्याइतका दाब झाला की बाहेर सोडतो, आठ इंचांची ओढ झाली की हवा आत घेतो. घेताना त्याची वाहून नेण्याची क्षमता पाहा. टँकरचा चार हजार लिटरचा कप्पा दहा मिनिटांत उतरत असेल, तर मिनिटाला चारशे लिटर वाफ बाहेर पडायला वाट हवी. व्हॉल्व्ह अपुरा असला की उतरणे मंदावते, ड्रायव्हर वैतागतो आणि डिपची, म्हणजे पट्टी घालून साठा मोजायच्या तोंडाची, टोपी उघडून ठेवतो. पेट्रोलची वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती डिपच्या तोंडातून ओघळून जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या मॅनहोलात उतरते. अपघाताची सुरुवात अशी होते.

समुद्राकाठी या व्हॉल्व्हला दोन शत्रू आहेत. मीठ स्प्रिंग आणि बैठक चिकटवते, आणि कुंभारमाशी जाळीत मातीचे घर करते. म्हणून पावसाआधी आणि पावसानंतर असे वर्षातून दोनदा व्हॉल्व्ह उतरवून पाहायचाच. बाहेरचे बोल्ट एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचे घ्या, झिंक चढवलेले दोन पावसाळ्यांत गंजतात. अडकलेला व्हॉल्व्ह ओळखणे सोपे आहे. दुपारच्या गर्दीनंतर डिपची टोपी सोडताना सूंऽऽ असा लांब आवाज येऊन हवा आत खेचली गेली, तर टाकी ओढीखाली आहे. त्याच वेळी मशिनची गती मंदावली असेल तर शंकाच नको. उलट टोपी सोडताच जोराचा फुत्कार बाहेर आला, तर दाब सुटत नाही. पीव्ही व्हॉल्व्ह असलेल्या टाकीत डिपची टोपी, भरण्याचे झाकण, वाफेच्या जोडणीचे झाकण, या सगळ्यांचे रबर धड हवे. एक टोपी सैल राहिली की सगळा बंदोबस्त वाया. इथले रबर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारे हवे, जुन्या साध्या नायट्राइल रबरवर भरवसा नको.

पाण्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. दमट हवेमुळे टाकीत पाणी होते, असे म्हणतात. महिन्याला ९० घनमीटर हवा आत आली तरी पावसाळ्यात तिच्यात जेमतेम सव्वादोन-अडीच किलो पाणी असते, आणि त्यातले बरेचसे परतही जाते. खरे पाणी येते ते मॅनहोलमधून. वाफेच्या जोडणीमुळे टाकीवर आणखी एक झाकण वाढते, म्हणजे पाणी शिरायला आणखी एक वाट. चेंबरची कड काँक्रीटपेक्षा थोडी उंच घ्या, आणि पावसात रोज सकाळी डिपच्या आधी चेंबर कोरडे करा. झाकण उघडून मग पाणी उपसायचे नाही, आधी उपसायचे, मग उघडायचे. इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी एका मर्यादेपर्यंत विरघळते आणि नंतर इथेनॉलसकट एकदम तळाला जाऊन बसते. डिपच्या पट्टीला वॉटर पेस्ट (पाणी लागले की रंग बदलणारा लेप) लावून रोज सकाळी आणि टँकर खाली झाल्यावर तपासणे याला पर्याय नाही.

आता शाळा. नोझलची यंत्रणा बसवली तरी शाळेला येणारा वास थांबणार नाही, हे विक्रेत्याने सांगितलेले दिसत नाही. टँकर खाली होताना व्हेंटमधून हजारो लिटर वाफ एका तासात बाहेर पडते, वास त्याचा. तो थांबतो फक्त टँकरने वाफ परत नेली तर: चार इंची होजने पेट्रोल खाली, तीन इंची होजने वाफ टँकरच्या रिकाम्या होणाऱ्या कप्प्यात वर. ती वाफ टँकरबरोबर डेपोत जाते. यात तुमच्या पदरात लिटरभरही पडत नाही, म्हणून तुमच्या टाकीवरची जोडणीही कंपनीनेच करून द्यावी असा आग्रह धरा. लिटरमागे ०.८८ ग्रॅमची वाफ यामुळे ०.०४ वर येते. पण टँकरला तशी जोडणी नसेल तर तुमच्या टाकीवरची महागडी टोपी नुसती शोभेची.

तोवर एक बिनखर्ची उपाय आहे. शाळा पूर्वेला आहे. दुपारचे खारे वारे वाफ नेमकी शाळेकडे नेतात. पहाटे मतलई वारे समुद्राकडे वाहत असतात, जमीन निवलेली असते आणि वर्ग भरलेले नसतात. इंडेंट, म्हणजे टँकरची मागणी, अशा बेताने टाका की टँकर शाळा भरण्याआधी खाली होईल. रात्री येऊन उभा राहिलेला टँकर अर्थिंग लावून, उजेड झाल्यावर उतरवता येतो. पावसाळ्यात वारा दिवसभर नैर्ऋत्येचा असतो, तेव्हा निदान मधल्या सुट्टीची वेळ टाळा. आणि मुख्याध्यापकांना जाऊन हे सांगून या. पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेंझीन असते आणि ते कर्करोग घडवणारे आहे हे सिद्ध झालेले आहे. मुलांच्या बाबतीत तक्रार येण्याची वाट पाहायची नसते.

याच कारणासाठी नोझलची यंत्रणा पुढे-मागे यायला हवी. दिवसाचे आठ-दहा तास नोझलपाशी उभी राहणारी पोरे ती वाफ रोज हुंगतात. पैशाच्या हिशेबात हे कुठेही येत नाही, पण यंत्रणेचा खरा उपयोग त्यांनाच आहे. कंपनीला पत्र लिहिताना हे स्पष्ट लिहा.

यंत्रणा येईल तेव्हा प्रत्येक नोझलचे मोजमाप कागदावर घ्या: एक लिटर पेट्रोलमागे किती लिटर वाफ ओढली. युरोपात हे प्रमाण ०.९५ ते १.०५ च्या मध्ये लागते आणि वर्षातून एकदा तपासावे लागते. तीच अट तुमच्या करारात घाला. कमी असेल तर वाफ बाहेर राहते. जास्त असेल तर नुकसान तुमचेच, कारण जादा हवा टाकीत फुगते आणि पीव्ही व्हॉल्व्हमधून तुमचे पेट्रोल घेऊन जाते. सहा महिन्यांत प्रमाण बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे नोझल आपोआप बंद झाल्यावर "अजून दहा रुपयांचे" म्हणून पुन्हा दाबणे. ते पेट्रोल वाफेच्या वाटेत ओढले जाते, होजच्या आतली नळी भरते आणि वाफपंपाच्या पात्या झिजतात. कट झाला की नोझल काढायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून. दुचाकीत नोझल पट्टीपर्यंत आत आणि खटका निम्माच दाबायचा. नोझलच्या टोकाची छिद्रे रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसायची, तार घालायची नाही.

देखभालीचा करार करताना माणूस कुठून येणार ते विचारा. कोल्हापूर किंवा पणजीहून ४८ तासांत, असे लेखी हवे, मुंबईहून "येऊ" नको. एक नोझल, एक होज आणि पात्यांचा एक संच पंपावर ठेवलेला असावा. दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत रोखून ठेवा.

पाइप आणि चराचा खर्च कंपनीने नाकारला आणि तुमच्यावर आला, तर तो एकूण कोटेशनचा लहान भाग असेल. शक्यतो साठवणीतून करा. कर्जच लागले तर मुदतीचे कर्ज घ्या, कॅश क्रेडिटमधून, म्हणजे रोजच्या खेळत्या भांडवलाच्या खात्यातून, उचलू नका. बारा हजार लिटर पेट्रोलच्या एका टँकरला बारा लाखांच्या आसपास आगाऊ भरावे लागतात. गणपतीत एकामागून एक टँकर लागत असताना खात्यात दोन लाख कमी पडले, तर पंप कोरडा पडतो. उद्यम नोंदणी केलेली असेल तर किरकोळ व्यापारालाही सूक्ष्म-लघु उद्योगांच्या हमी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. घर गहाण ठेवण्याआधी बँकेला ते विचारा. परतफेड सुरू होण्याआधी तीन महिन्यांची सवलत घ्या, म्हणजे काम चालू असताना आणि एक बाजू बंद असताना हप्ता पडणार नाही.

कामाची वेळ दिवाळी आटोपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा जमीन वाळलेली असते आणि नाताळच्या पर्यटकांची गर्दी सुरू झालेली नसते. मे महिन्यात चाकरमानी आलेले असताना पंपाची एक बाजू बंद ठेवणे परवडत नाही, आणि जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागला की उघडा चर म्हणजे विहीर. दिवाळीनंतर काम हवे असेल तर कंपनीचा नकाशा आणि पेसोची मंजुरी त्याआधी हातात लागते, म्हणजे सेल्स ऑफिसरचे पत्र याच आठवड्यात जायला हवे. पत्राची पोच घ्या आणि त्यासोबत गेल्या बारा महिन्यांची पेट्रोल विक्री, शाळेचे अंतर दाखवणारा साधा नकाशा आणि शाळेच्या दोन्ही तक्रारींच्या प्रती जोडा.